एका दाराची बोट

त्या गावातला माणूस सरळ चालायला आईकडून शिकतो आणि उलटी गाडी चालवायला येऊद्या मावशीकडून, असं म्हणतात. म्हणणारे बाहेरगावचे असले तरी त्यात खोटं काही नाही. गाव खाडीच्या अलीकडे, आणि मोठा दवाखाना, बाजार, हमरस्ता, थोडक्यात जे जे अडीनडीला लागतं ते सगळं पलीकडे. मधल्या पाण्यावर पूल बांधण्याच्या गोष्टी प्रत्येक पिढीने ऐकल्या आणि पुढच्या पिढीला ऐकवल्या. पाण्यावर प्रत्यक्षात होती ती एक जुनी फेरीबोट. खाली गाड्या, वर माणसं, आणि त्याच्याही वर काचेच्या खोलीत कॅप्टन.

या बोटीला दार एकच होतं. दुसरं करायच्या आत पैसे संपले, असं गावातले जाणते सांगत. बोट बांधणाऱ्याला घरी जेवायला जायची घाई होती, असं मावशीचा नवरा सांगे. कारण काहीही असो, बोटीच्या तोंडाला साखळ्यांनी बांधलेली एक लोखंडी फळी होती. ती धक्क्यावर टेकवली की दार आणि उचलली की भिंत. आता गाडी सरळ आत गेली, तर पलीकडे पोचल्यावर तिला पाठमोरी चढ चढत बाहेर यावं लागणार. त्यापेक्षा जातानाच उलटं जावं आणि उतरताना ऐटीत सरळ निघावं, असा शिरस्ता पडला. उताराच्या वर एक रुंद जागा होती. तिथे प्रत्येकाने गाडीचं तोंड फिरवायचं आणि रिव्हर्समध्ये उतार उतरून बोटीत शिरायचं. मग ती पाववाल्याची व्हॅन असो, गॅसच्या सिलिंडरांचा ट्रक असो, की कालच शोरूममधून आणलेली गाडी असो. गावातल्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये पहिल्या दिवशी रिव्हर्सच शिकवत. सरळ काय, कुणालाही येतं.

या सगळ्या उलट्या कारभाराला वळण लावणारी बाई म्हणजे मावशी. निळा कोट, रबरी बूट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. गाडीच्या मागे उभी राहून दोन्ही हात छातीपर्यंत उचलायची आणि बोटं आपल्याकडे हलवायची. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... थोडं डावीकडे... येऊ द्या... बास!" आणि 'बास' म्हणताना मूठ मिटायची. ती मूठ मिटली की गावातला कितीही मोठा माणूस ब्रेक दाबायचा. नवरा-बायको भांडायला लागले आणि नवरा फारच चढला, तर बायको नुसती मूठ मिटून दाखवायची म्हणे.

मावशी बोटीवर आली ती झाडू घेऊन. वरच्या मजल्यावरची बाकं पुसायची, केबिनच्या काचा धुवायच्या, खालचा डेक झाडायचा, एवढंच काम. गाड्या लावायला तेव्हा एक जुना डेकवाला होता. त्याचा आवाज मोठा आणि तोंडातले शब्द त्याहून मोठे. ड्रायव्हरच्या आईबापांचा उद्धार केल्याशिवाय त्याच्या हातून एकही गाडी लागत नसे. एके दिवशी त्याचा घसा असा काही बसला की शिवी सोडा, हुंकारही फुटेना. त्याने डेक झाडणाऱ्या पोरीला खुणेने बोलावलं, मी हात करतो, तू ओरड, असं खुणेनेच समजावलं. ती झाडू तसाच बगलेत धरून उभी राहिली.

पहिलाच आला तो एक मिशीवाला ट्रक ड्रायव्हर. खिडकीतून मुंडी बाहेर काढून म्हणाला, "बाई, तुम्ही सांगणार आणि मी ऐकणार होय?"

"नका ऐकू," ती म्हणाली. "पाणी तिकडे आहे."

ड्रायव्हरने पाण्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने आरशात पाहायला लागला. "आरशात नको, माझ्याकडे बघा," ती ओरडली. त्या दिवशी बोट नेहमीपेक्षा लवकर भरली. शिव्यांमध्ये किती वेळ जात होता ते जुन्या डेकवाल्याच्या तेव्हा लक्षात आलं. घसा सुटल्यावरही तो दोन-चार दिवस मुद्दाम बसल्यासारखाच वागला. पुढे नोकरी संपवून घरी जाताना त्याने आपली छोटी पहार तिच्या हातात दिली. चाकांखाली लाकडी ठोकळे सारायला ती पहार लागे. देताना एक शिवीही दिली, पण ती कौतुकाची होती.

पुढची सगळी वर्षं तो डेक मावशीचा. ती नुसते हात हलवत नव्हती. उताराच्या वर लागलेल्या रांगेतून एक चक्कर मारली की तिच्या डोक्यात सगळी बोट भरून तयार व्हायची. जड ट्रक मधोमध. त्याच्या दोन्ही बाजूंना सारखं वजन, नाहीतर बोट लंगडत चालायची. दोन गाड्यांमध्ये अंतर किती सोडायचं, तर ड्रायव्हरचं पोट बघून. मास्तरीणबाई काडीसारख्या, त्यांच्या दाराशी वीतभर जागा पुरे. डॉक्टरांना मात्र हातभर लागे. एकदा अंतर चुकलं आणि डॉक्टर अख्खा प्रवास गाडीतच अडकून बसले, तेव्हापासून डॉक्टर बिचारे रांगेत उभे राहिले की आपणहून पोट आत ओढून धरत. मावशी म्हणे, "सोडा हो श्वास. मला माहितीये केवढं आहे ते."

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रम. दार एकच, म्हणजे शेवटी शिरलेली गाडी आधी बाहेर. म्हणून डॉक्टरांची गाडी नेहमी शेवटी, सुईणबाईंची तिच्या शेजारी. ज्यांना काही घाई नाही ते अगदी आत. मी आधी आलो तर मी शेवटी का उतरायचं, यावर रोज एक तरी नवखा हुज्जत घाली. मावशीचं उत्तर ठरलेलं होतं. "तुमच्या घरी कुणी आजारी पडलं म्हणजे विचारा. तेव्हा सांगीन."

मावशीचा नवरा त्याच बोटीचा इंजिनवाला. लग्न ठरायच्या आधी त्याने तिला पाहिलं कमी आणि ऐकलं जास्त. डेकच्या बरोबर खाली इंजिनरूम. गाड्या चढत-उतरत असताना बोट धक्क्याला दाबून धरावी लागे, त्यामुळे नेमक्या त्याच वेळी त्याला इंजिनपासून हलता येत नसे. वर मावशीचा आवाज, टायरांची घरघर, आणि सगळे ठोकळे लागले की पहारेचे दोन ठोके. ठक ठक. म्हणजे वर सगळं जागच्या जागी. तो पान्याने छतावर एक ठोका देई. म्हणजे खालीही तयार. मग कॅप्टनची घंटा वाजे. संसाराची इतकी वर्षं रोज हे असं बोलणं चाले, पण बायकोला काम करताना त्या माणसाने एकदाही पाहिलं नव्हतं.

पण त्याच्याकडे एक परीक्षा होती. इंजिनरूमच्या फळीवर तो चहाचा ग्लास काठोकाठ भरून ठेवायचा. बोट धक्का सोडून निघाली आणि ग्लासातून चहा सांडला, तर वर वजन एका बाजूला झालंय. दुपारी डबा खाताना तो सहज बोलल्यासारखं बोले, "आज डावीकडे सांडला हं."

"लाटेने सांडला असेल."

"लाट उजवीकडून होती."

मावशी तोंडातला घास तसाच ठेवून त्याच्याकडे अशी बघे की तो पाणी प्यायला उठे. आणि ज्या दिवशी सगळं जमलेलं असे, त्या दिवशी तो एवढंच म्हणे, "आज चहा सांडला नाही." यापलीकडे कौतुकाचा शब्द त्याच्या कोशात नव्हता. मावशीनेही कधी मागितला नाही. तिला मागणं जमतच नसे. दिवसभर ती सगळ्या गावासाठी 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणे, पण मला येऊ द्या, मला द्या, असं ती आयुष्यात कुणाला म्हणाली नव्हती.

मग नवी बोट येणार असल्याची बातमी आली.

पांढरीशुभ्र, दुप्पट मोठी, आणि दोन्ही टोकांना दारं. गाडी इकडून सरळ आत, तिकडून सरळ बाहेर. डेकवर रंगाचे पट्टे, पट्ट्यांवर हिरवे-लाल दिवे, आणि इंजिन, दारं, दिवे सगळं कॅप्टनच्या खोलीतल्या बटणांवर. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात ना, ते या बोटीने खरंच करून दाखवलं. इंजिनवाल्याचं वय झालेलंच होतं. जुन्या बोटीबरोबर त्याचीही नोकरी संपणार हे त्याला ठाऊक होतं आणि त्याची तक्रारही नव्हती. प्रश्न मावशीचा होता.

फेरीच्या ऑफिसचा मॅनेजर तसा भला माणूस. त्याने मावशीला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, "मावशी, तुम्हाला बढती. धक्क्यावरची तिकिटाची खिडकी. पंखा आहे, खुर्ची आहे, ऊन नाही, पाऊस नाही. खूप उभ्या राहिलात, आता बसा."

मावशी "बरं" म्हणाली आणि चहा न पिता उठली. गावाने तिचं अभिनंदन केलं. पाववाल्याने सकाळी एक गोड पाव फुकट दिला. ती सगळ्यांना हसून हो म्हणत होती आणि घरी येऊन भांडी अशी आपटत होती की शेजारीण दोनदा डोकावून गेली.

"जाऊन सांग ना त्यांना," नवरा म्हणाला. "म्हणावं, मला बोटीवरच राहू दे."

"मी नाही सांगणार."

"अगं, तोंड उघडल्याशिवाय कळणार कसं त्यांना?"

"इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांदेखत काम केलं. त्यात कळलं नसेल तर तोंड उघडून काय कळणार आहे?" मग थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "मला जमिनीवर नाही हो राहायचं. माझ्या पायांना सवय नाही."

नवऱ्याने चहा ठेवला.

जुन्या बोटीची शेवटची फेरी रोजच्यासारखीच झाली, कारण मावशीने ती तशीच होऊ दिली. कुणी रडायला लागलं की ती ओरडे, "रडायचं ते वरच्या मजल्यावर. इथे समोर दिसायला पाहिजे." जड ट्रक मधोमध, डॉक्टर शेवटी. ठक ठक. खालून पान्याचा एक ठोका. परतल्यावर डेक रिकामा झाला तेव्हा तिने झाडू आणून तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडून काढला. पहार घरी नेली आणि दाराच्या मागे उभी करून ठेवली. त्या दिवशी चहा सांडला नव्हता.

नव्या बोटीच्या पहिल्या दिवशी सकाळी गाव धुवूनपुसून धक्क्यावर हजर झालं. मावशी खिडकीत बसली होती. पंखा डोक्यावर घरघरत होता आणि इस्त्रीचा नवा शर्ट तिच्या अंगाला टोचत होता. नवरा आता साधा प्रवासी. त्याने खिडकीत हात घालून तिकीट मागितलं, तेव्हा तिने त्याच्याकडे न बघताच दिलं. बघितलं असतं तर काहीतरी सांडलं असतं, आणि ते चहा नसतं.

बोटीची नवी दारं सरसर उघडली. हिरवे दिवे लागले. डेकवर दुसऱ्या शहरातून आणलेला नवा डेकवाला चकचकीत जाकीट घालून उभा. पहिली गाडी पाववाल्याची. त्याने उतार पाहिला, पाणी पाहिलं, आणि रुंद जागेत आल्यावर त्याच्या हातांनी त्याला न विचारताच गाडीचं तोंड फिरवलं. मागचे पांढरे दिवे लागले. त्याच्यामागून मास्तरीणबाईंनी गाडी फिरवली. त्यांच्यामागून गॅसच्या ट्रकने. जित्याची खोड, दुसरं काय! बघता बघता सगळ्या रांगेने बोटीकडे पाठ केली.

"सरळ! सरळ या!" नवा डेकवाला दोन्ही हात उडवत ओरडला.

"सरळच तर येतोय!" पाववाला खिडकीतून ओरडला. त्याचं काही चुकत होतं असं नाही. त्या गावात यालाच सरळ म्हणत.

पण फळीवर मागची चाकं चढवून व्हॅन थांबली ती थांबलीच. पाववाला मान वळवून मागे बघत होता आणि मागे त्याला हवं ते दिसत नव्हतं. दिवे हिरवे होते, पण दिव्यांना हात नव्हते. मूठ कधी मिटेल हे दिव्याकडे बघून कसं कळणार? त्याच्यापुढे मास्तरीणबाई, त्याही मान वळवून थांबलेल्या. त्यात बाहेरगावचं एक कुटुंब आपली गाडी सरळ घेऊन खाली आलं आणि गॅसच्या ट्रकच्या समोर नाकाला नाक लावून अडकलं. भोंगे सुरू झाले. नवा डेकवाला एकदा याच्याकडे धावे, एकदा त्याच्याकडे. एवढ्या भानगडीत त्याचा घसा बसला. त्या गावच्या डेकवाल्यांना घसे बसायचा योगच असावा.

नवरा बोटीच्या जिन्यापर्यंत गेला होता, तो परत खिडकीशी आला. "अगं, बघतेस काय नुसती?"

"मला कुणी बोलावलंय का?"

"बोलवायची काय वाट बघतेस!"

"मी खिडकीची बाई आहे," मावशी म्हणाली, पण तिचे हात टेबलाखाली होते आणि बोटं आपोआप आपल्याकडे हलत होती. येऊ द्या, येऊ द्या.

तेवढ्यात मॅनेजर धापा टाकत आला. टाय खांद्यावर गेलेला. "मावशी, चला! हात जोडतो, चला!"

"खिडकी कोण बघणार?"

"मी बसतो!"

मॅनेजर खरंच जाऊन खुर्चीवर बसला, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने त्याच्याकडे सुट्टे मागितले. मावशी उतार उतरून खाली गेली तेव्हा नवा डेकवाला कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "सगळ्यांना वर पाठवून तोंडं फिरवून आणू या का?"

मावशीने वर पाहिलं. रांग रस्त्याच्या वळणापलीकडे गेली होती. मुंगी फिरायला जागा नव्हती.

"आलेत तसे येऊ द्या."

"आणि पलीकडे? तिकडचं दार गाड्यांच्या मागे येणार. सगळ्यांना रिव्हर्समध्ये चढ चढावा लागेल!"

"मग चढतील," मावशी म्हणाली. "माझी माणसं आहेत."

ती बोटीत शिरली, नव्या डेकवर पाय रोवून उभी राहिली आणि तिने हात उचलले. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..." पाववाल्याचा चेहरा आरशात असा उजळला, जणू त्याला वाढदिवसाची भेट मिळाली. व्हॅन पट्ट्याच्या मधोमध सुरीसारखी आली. मूठ मिटली. मास्तरीणबाई, वीतभर अंतर. गॅसचा ट्रक मधोमध. बाहेरगावच्या कुटुंबाला तिने आहे तसं एका कोपऱ्यात बसवलं. भोंगे कधी थांबले ते कुणाला कळलंही नाही. "डॉक्टर, तुम्ही थांबा, तुम्ही शेवटी!" डॉक्टरांनी सवयीने पोट आत ओढलं आणि सवयीने शेवटी आले.

सगळ्या गाड्या लागल्यावर मावशीने पायाने डेकवर दोन ठोके दिले. ठक ठक. देऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं की खाली आता कुणी नाही. बटणं वर आहेत आणि बटणांना ठोके लागत नाहीत. तिला एकदम पोरकं वाटलं. तेवढ्यात डोक्यावरच्या छतावर, प्रवाशांच्या मजल्यावर, कुणीतरी बुटाची टाच आपटली. एकच ठोका. मावशीने वर पाहिलं नाही. रुमालाची गाठ मात्र उगाचच सोडून पुन्हा बांधली.

बोट मधल्या पाण्यात आली आणि पलीकडचं दार समोर दिसायला लागलं, तेव्हा मावशीने चटकन मागे वळून पाहिलं. दारं दोन. म्हणजे इथे शेवटी शिरलेला शेवटीच बाहेर पडणार. डॉक्टरांची गाडी, इतकी वर्षं सगळ्यात आधी उतरणारी, आज सगळ्यांच्या मागे होती. गाव हसण्यासारखं वागलं होतं खरं, पण तीही त्याच गावची होती. ती गाड्यांमधून वाट काढत डॉक्टरांच्या खिडकीशी गेली. "डॉक्टर, चुकलं माझं. तुम्हाला आत घ्यायला पाहिजे होतं."

डॉक्टरांनी पेपर खाली केला. "दवाखाना उघडायला अजून वेळ आहे, मावशी. आणि दार उघडायला जागा सोडलीय तुम्ही. तेवढं पुरे."

"उद्या सगळ्यात आधी घेते."

"उद्या कोण घेणार?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तर खिडकीत." ते सहज बोलले होते, पण मावशी लगेच पुढे सरकली.

पलीकडच्या धक्क्यावर नव्या बोटीचं स्वागत करायला माणसं जमली होती. दार उघडलं आणि त्यांना पहिलं दर्शन झालं ते पाववाल्याच्या व्हॅनच्या पार्श्वभागाचं. लोक खो खो हसले. मग मावशी उतारावर येऊन उभी राहिली, तिचे हात वर झाले आणि व्हॅन चढावर एका रेषेत, न अडखळता, उलटी वर गेली. तिच्यामागे मास्तरीणबाई. त्यांच्यामागे गॅसचा ट्रक, आणि एकही सिलिंडर खुट्ट वाजला नाही. हसणं हळूहळू थांबलं. गाडीमागून गाडी पाठमोरी चढ चढत होती, जणू अख्खं गाव मानाने मागे सरत होतं. बाहेरगावचं कुटुंब तेवढं सरळ तोंडाने वर गेलं आणि सगळ्या रांगेत तीच एक गाडी उलटी वाटली. शेवटी डॉक्टर आले. तेव्हा टाळ्या पडल्या. डॉक्टरांना वाटलं आपल्यासाठी आहेत, त्यांनी हात हलवला.

मावशी परत अलीकडे आली, तेव्हा मॅनेजर खिडकीत घामाघूम होऊन बसला होता. पंखा चालू असून.

"मावशी, तुम्ही होतात म्हणून निभावलं," तो म्हणाला. "पण मला खरं सांगा. आठवड्याभरात लोक सरळ यायला शिकतील. मग बोटीवर तुमचं काम काय राहील?"

प्रश्न बरोबर होता आणि मावशीला तो बरोबर आहे हे कळत होतं. "सरळ आले तरी जड गाडी कुठे, कुणाला घाई, कुणाला किती जागा, हे दिव्यांना कसं कळणार?" ती म्हणाली. "आणि आज मीच चुकले. डॉक्टरांना शेवटी घेतलं. मलाही नवं शिकावं लागेल. मी शिकीन." एवढं बोलून ती थांबली. पुढचे शब्द तिने दिवसातून शंभरदा उच्चारले असतील, पण स्वतःसाठी एकदाही नाही. तिने खिडकीच्या कडेला हात टेकवला. "साहेब, मला बोटीवर येऊ द्या."

मॅनेजरने खुर्ची मागे सरकवली. "तुम्ही इतकी वर्षं बोलला नाहीत, मला वाटलं तुम्ही दमला असाल," तो म्हणाला. "खिडकीला मी दुसरा माणूस बघतो. उद्यापासून... नाही, उद्या कशाला? रांग लागलीय बघा. जा."

गाव पुढे खरंच सरळ यायला शिकलं. डॉक्टर तेवढे अजून अधूनमधून पाठमोरे येतात, आणि आता सगळ्यात आधी शिरतात.

त्याच दिवशी दुपारी दोघं वरच्या मजल्यावरच्या नव्या बाकावर डबा उघडून बसली. नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पुढे एक मोठा तपकिरी डाग पडला होता. मावशीची नजर गेली.

"हे काय?"

"आज चहा सांडला," नवरा म्हणाला.

मावशीचा घास हातातच राहिला. मान ताठ झाली. "कुठल्या बाजूला? ट्रक तर मी मधोमध घेतला होता!"

"बोट कलली नाही गं," तो म्हणाला. "कठड्याशी उभा होतो. खाली तुला बघत होतो, ग्लास हातात आहे हेच विसरलो." तो डब्यात बघत बोलत होता. "इतकी वर्षं नुसतं ऐकलं. एवढं सुंदर करतेस, मला कुणी सांगितलंच नाही."

तिने आपल्या डब्यातली भाजी त्याच्या डब्यात सारली आणि बराच वेळ पाण्याकडे बघत जेवली.